सयाजीरावांचे बडोदे आणि न सुटलेला प्रश्न

बडोदे संस्थानचे अधिपती महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या नावावर जेवढ्या आधुनिक संस्था जमा आहेत, तेवढ्या त्यांच्या काळातील क्वचितच एखाद्या भारतीय संस्थानिकाच्या नावावर असतील. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, तंत्रशिक्षण देणारे कलाभवन, बँक, रेल्वेचे जाळे, शहराला नळाचे पाणी, हे सारे त्यांनी एका कारकिर्दीत उभे केले. असे असूनही त्यांच्या ६३ वर्षांच्या राजवटीचा जो भाग आज अधिक विचार करायला लावतो, तो या यशाच्या यादीत सापडत नाही. यंत्र, शिक्षण आणि कायदा ही तिन्ही साधने हाती असूनही धार्मिक कर्मठपणा मागे का हटत नाही, आणि कधी कधी तो नव्या जोमाने का उभा राहतो, या प्रश्नाशी हा राजा आयुष्यभर झुंजत राहिला.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, शेतीवर गुजराण करणारे गृहस्थ. गोपाळराव बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. बडोद्याच्या गादीवर तेव्हा मल्हारराव होते. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याच्या आरोपाची चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. दिवंगत महाराज खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांमधून त्यांनी गोपाळरावांची निवड केली आणि २७ मे १८७५ रोजी शेतकऱ्याचा हा मुलगा सयाजीराव महाराज झाला.

पुढची सहा वर्षे शिक्षणाची होती. एफ. ए. एच. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषांचा अभ्यास केला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत अधिक कळते. ज्ञान मिळाले की माणूस बदलतो, हा सयाजीरावांच्या कारकिर्दीचा पाया ठरलेला विश्वास त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आला होता. त्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला होता. तो सर्वांच्या बाबतीत आणि तेवढ्याच वेगाने खरा ठरत नाही, हे कळायला त्यांना बरीच वर्षे लागली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. पाठोपाठ त्यांनी अंत्यजांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढण्याचा निर्णय घेतला. इमारत उभी करता आली, पाट्या-पुस्तके देता आली, विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि शिष्यवृत्तीही देता आली. अडचण आली ती शिक्षकांची. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांवर जायला तयार होईनात. परिणामी अनेक वर्षे हे काम मुख्यतः मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांवर सोपवावे लागले. १९०८ मध्ये महाराजांनी पंजाबातून पंडित आत्माराम यांना या शाळांच्या देखरेखीसाठी बोलावून घेतले, तेव्हा कुठे कामाला गती आली. ज्या शिक्षकांनी नकार दिला ते अडाणी नव्हते. ते त्या काळच्या मानाने सुशिक्षित होते, सरकारी पगार घेत होते. आधुनिक शाळेत शिकवण्याची नोकरी त्यांना हवी होती. त्या शाळेत कोण बसणार, हे मात्र त्यांना धर्माने ठरवून दिले होते.

१८८७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने सयाजीराव प्रथम युरोपात गेले. समुद्र ओलांडणे शास्त्राने निषिद्ध मानलेले. आगबोटीने काही आठवड्यांत विलायत गाठता येत होती. त्या बोटीतून परत आलेल्या राजाला शुद्ध कसे करायचे, याची चर्चा मात्र जुन्याच ग्रंथांच्या आधारे व्हायची. त्यानंतर ते वारंवार परदेशी गेले. या सततच्या वाऱ्यांबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली; परंतु युरोप-अमेरिकेत पाहिलेली प्रत्येक उपयोगी गोष्ट बडोद्यात कशी आणता येईल, हा हिशोब त्यांच्या मनात कायम चालू असे.

या हिशोबातून आलेल्या यंत्रांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. चित्रकार राजा रविवर्मा यांना बडोद्याने मोठा आश्रय दिला. १८८८ मध्ये महाराजांनी त्यांच्याकडून रामायण, महाभारत व पुराणांतील प्रसंगांवर चौदा तैलचित्रे करवून घेतली. ती १८९० मध्ये पूर्ण झाली. या चित्रांचे युरोपीय पद्धतीने रंगीत छापील नमुने काढावेत, अशी सूचना त्याआधीच सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना केली होती. १८९४ मध्ये रविवर्मांनी जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणून मुंबईत छापखाना काढला. जे देव राजवाड्याच्या भिंतीवर वा मंदिराच्या गाभाऱ्यात होते, ते थोड्याशा पैशांत घराघरांत पोहोचले. ज्यांना मंदिराची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात लक्ष्मी आणि सरस्वती आल्या, हा त्या यंत्राचा मोठा उपकार. रेल्वेनेही तेच केले. द्वारका हे क्षेत्र बडोदे संस्थानच्या ओखामंडळात होते. रेल्वेच्या काळात दूरदूरच्या यात्रा काही दिवसांच्या होऊ लागल्या. विज्ञानाच्या प्रकाशात धर्म मावळेल, असे भाकीत करणारे विचारवंत तेव्हा युरोपात होते. प्रत्यक्षात यंत्राने धर्माला नवे पाय आणि नवा आवाज दिला. त्या आवाजाने भक्तीची गोडी वाढवायची की दुसऱ्याबद्दलचा तिरस्कार, याचा निर्णय यंत्राकडे नव्हता.

या निर्णयाचा कस १८९६ मध्ये राजवाड्यातच लागला. गायकवाडांच्या घरातील धर्मकृत्ये पुराणोक्त पद्धतीने होत. वेदमंत्रांचा अधिकार क्षत्रियांना असतो आणि मराठे क्षत्रिय नाहीत, असे पुरोहितवर्गाचे म्हणणे. सयाजीरावांनी आपल्या घरचे विधी वेदोक्त पद्धतीने करण्याचा निर्णय घेतला आणि वाद पेटला. तीन वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या बाबतीत तोच प्रश्न अधिक कडवटपणे उभा राहिला. १९०१ मध्ये टिळकांच्या ‘केसरी’ने वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली आणि महाराष्ट्रातील वृत्तपत्रे दोन तटांत विभागली गेली.

या वादाचा काळ नीट पाहिला पाहिजे. ब्राह्मणेतर समाज शतकानुशतके पुराणोक्त विधी निमूटपणे करून घेत होता, तेव्हा वाद नव्हता. शाळा निघाल्या, छापखाने आले, वेदांची छापील पुस्तके कोणालाही विकत मिळू लागली, सरकारी नोकऱ्यांत इतर जातींची माणसे दिसू लागली, आणि नेमक्या त्याच वेळी मंत्रांचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. ज्या वर्गाच्या हातून विद्येची मक्तेदारी निसटू लागली होती, त्याच्याजवळ सोवळ्याचे कुंपण तेवढे उरले होते. आधुनिक काळाने ते कुंपण पाडण्याआधी अधिक उंच करविले. कर्मठपणा हा केवळ जुन्या काळाचा अवशेष असता तर तो काळाबरोबर झिजत गेला असता. येथे तर नव्या काळाच्या धक्क्यानेच त्याला धार आली. स्वतः सयाजीरावांची बाजूही या ठिकाणी पूर्ण मोकळी नव्हती. क्षत्रियत्वाचा दावा करून वेदोक्त मागणे म्हणजे जातींच्या उतरंडीतील वरची पायरी मागणे. उतरंड मोडणे ते नव्हे. हा भेद त्यांच्या पुढील कायद्यांत हळूहळू उमटलेला दिसतो.

ते कायदे करण्याची त्यांना एक विशेष संधी होती. ब्रिटिश हद्दीत संमतिवयाचे विधेयक १८९१ मध्ये आले, तेव्हा परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, या मुद्द्यावर विरोध संघटित झाला होता. १८५७ नंतर इंग्रज सरकार या बाबतीत फार सावधही असे. बडोद्यात राजा हिंदू होता, मराठा होता. परकेपणाचा आक्षेप त्याला लागू होत नव्हता. सुमारे वीस लाख लोकवस्तीच्या या राज्यात त्याने विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा निबंध आला. मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा ही वयोमर्यादा आज फार कमी वाटते. त्या काळात तीही सहन होण्यासारखी नव्हती. लोकांनी वाट काढली. लग्ने नेहमीच्या मुहूर्तावर झाली, दंड भरण्यात आला, आणि कित्येक घरांत तो दंड वरातीच्या खर्चासारखाच लग्नाच्या खर्चात धरला जाऊ लागला.

शिक्षणाच्या बाबतीत अनुभव याहून बरा होता. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ब्रिटिश सरकारने ते विधेयक मान्य केले नाही. एका संस्थानाने जे करून दाखविले, ते साम्राज्याला परवडत नव्हते.

१९१५ चा पुरोहितांविषयीचा कायदा हा या मालिकेतील आगळा प्रयोग होता. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी आणि विधीतील मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा, अशी त्यामागची कल्पना. सयाजीराव नास्तिक नव्हते. धर्म नष्ट व्हावा अशी त्यांची इच्छा नव्हती. तो न समजता पाळला जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. वधूवरांनी ज्या शब्दांनी एकमेकांशी बांधून घ्यायचे, ते शब्द त्यांना कळले पाहिजेत, ही अपेक्षा साधी होती. परंतु ज्या मंत्राचा अर्थ सर्वांना कळतो, त्याचा दरारा कमी होतो, आणि दराऱ्यावर ज्यांचे स्थान उभे असते त्यांना अर्थ सांगण्याची घाई नसते.

याच सुमारास बडोद्यातील ग्रंथालय चळवळ जगाच्या नजरेत भरू लागली होती. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यात आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, खेड्यांत वाचनालये निघाली, आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जाऊ लागल्या. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे काम गावागावांत रुजविले.

बॉर्डन बडोद्यात आले त्याच वर्षी, १९१० मध्ये, अमेरिकेतील शिकागो शहरातून काही पुस्तिका प्रसिद्ध होऊ लागल्या. बायबलमधील प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानावा, उत्क्रांतिवाद आणि धर्मग्रंथांची ऐतिहासिक चिकित्सा नाकारावी, असे प्रतिपादन करणाऱ्या या बारा पुस्तिका १९१५ पर्यंत निघाल्या. त्यांचा खर्च लायमन स्ट्युअर्ट या तेल उद्योगपतीने व त्याच्या भावाने उचलला होता. सुमारे तीस लाख प्रती धर्मोपदेशकांना, शिक्षकांना व विद्यार्थ्यांना टपालाने फुकट पाठविण्यात आल्या. या पुस्तिकांच्या शीर्षकातील मूलतत्त्वे या अर्थाच्या शब्दावरूनच १९२० मध्ये मूलतत्त्ववादी ही संज्ञा रूढ झाली. म्हणजे मूलतत्त्ववाद या शब्दाचा जन्मच मुळी छापखाना, टपालखाते आणि तेलाचा पैसा या आधुनिक त्रयीच्या पोटी झाला. बडोद्यातील पेटी आणि शिकागोतील पाकीट, दोन्हींची साधने तीच होती. एकातून वाचकाला अनेक पुस्तकांमधून निवड करायची होती. दुसऱ्यात निवड आधीच करून ठेवलेली होती. वेगाने बदलणाऱ्या जगात गोंधळलेल्या माणसाला दुसरे पाकीट अधिक सोयीचे वाटते, ही या साऱ्या कथेतील मेख आहे.

बडोद्याच्या प्रयोगाची खरी परीक्षा १९१७ मध्ये झाली. भीमराव रामजी आंबेडकर या बुद्धिमान तरुणाला पदवीपूर्व काळात बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंड देऊन तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करायची, असा करार होता. तो पाळण्यासाठी आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास आले. दरबारात त्यांना लष्करी सचिवाचे पद मिळाले. एवढे अधिकाराचे पद, परंतु शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळी बंद होत्या. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून त्यांनी आसरा घेतला. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना पथिकाश्रम सोडण्यास भाग पाडले. त्यांनी दोन परिचितांना विचारून पाहिले. त्यांपैकी एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही असमर्थता दाखविली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते तास त्या विद्वानाने कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, एका झाडाखाली बसून काढले.

ती बाग सयाजीरावांनी लोकांसाठी बांधलेली होती. ज्या कचेरीत आंबेडकर बसत ती त्यांचीच, ज्या शिष्यवृत्तीने ते शिकले ती त्यांचीच. दिवाण मनुभाई मेहता यांच्यापर्यंत निवासाची तक्रार गेली होती, तरी तोडगा निघाला नाही. जगातील उत्तम विद्यापीठात माणूस पाठविण्याचे सामर्थ्य असलेल्या राज्याजवळ त्याला एक खोली मिळवून देण्याचे सामर्थ्य नव्हते. या प्रसंगात अडवणूक करणारे एका धर्माचे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. पारशी समाज हा त्या काळच्या भारतातील सर्वांत आधुनिक, व्यापार-उद्योगात पुढे गेलेला समाज. परंतु आपल्या वस्तीची शुद्धता सांभाळण्याच्या प्रश्नावर तोही काठी घेऊन उभा राहिला. कर्मठपणाचा संबंध अज्ञानाशी असतो त्यापेक्षा अधिक तो आपण कोण आणि आपल्यातला कोण, या भयाशी असतो. हे भय शाळेच्या दाखल्याने जात नाही.

सयाजीरावांना हे उमगू लागले होते, याचा पुरावा त्यांनी दिलेल्या एका वेगळ्या आश्रयात आहे. धर्माचा अभ्यास धर्माच्या ठेकेदारांकडून काढून घेऊन अभ्यासकांच्या हाती द्यावा, असा त्यांचा प्रयत्न होता. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले, तेव्हा महाराजांनी त्यांना साहाय्य केले. बडोदे कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी आल्बन विजरी यांच्यासारख्या प्राध्यापकाची नेमणूक झाली. आणि गोमंतकाला ज्याचा अभिमान वाटावा असा एक धागा येथे मिळतो. सांकवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे फिरले. आपल्या भाषेत, आपल्या माणसांत बौद्ध धर्माचे ज्ञान पोहोचवायचे म्हणून त्यांनी कोलकात्यातील अधिक पगाराची नोकरी सोडली. महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे आणि बडोदे संस्थानसाठी वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे. बडोद्यातही कोसंबींची बुद्धावर व्याख्याने झाली. ज्या सनातनी वातावरणात बुद्धाचे नाव केवळ दशावतारांत उरले होते, तेथे त्याची मूळ शिकवण मराठीतून सांगितली गेली.

या उदार राजाला स्वतःच्या घरातही परंपरेशी तडजोड करावी लागली. पहिली पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये निवर्तल्या. देवासच्या घाटगे घराण्यातील दुसऱ्या महाराणीनेही तेच नाव धारण केले. या चिमणाबाईंनी पुढे पडदा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. परंतु त्यांची मुलगी इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह मोडला आणि कुचबिहारच्या राजपुत्राशी, ब्राह्म समाजी घराण्यात लग्न करण्याचा हट्ट धरला, तेव्हा या दोघांनी कडाडून विरोध केला. १९१३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या त्या लग्नाला आईवडील उपस्थित नव्हते. प्रजेसाठी लिहिलेला कायदा आपल्या उंबऱ्यावर आला की किती जड होतो, याचा अनुभव कायदा करणाऱ्यालाही आला. त्याआधी डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटासमोर पुरेसा लवून मुजरा न केल्याबद्दल त्यांच्यावर गहजब झाला होता. पुढे एकामागून एक कर्ते मुलगे गमावण्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले.

तरीही कामाचा वेग मंदावला नाही. १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा बडोद्यात झाला. ब्रिटिश भारतातील बहुसंख्य हिंदूंना तो हक्क मिळण्यास आणखी दोन तपे लागायची होती. १९३३ मध्ये दोन निबंध आले. जातपंचायतींच्या बहिष्काराला लगाम घालणारा एक, आणि अल्पवयीन मुलांना संन्यासदीक्षा देण्यास प्रतिबंध करणारा दुसरा. दीक्षेच्या प्रश्नावर जैन समाजातच दोन तट पडले. शिकलेले तरुण कायद्याच्या बाजूने होते. विरोधकांतही आधुनिक शिक्षण घेतलेले, व्यापारात यशस्वी झालेले लोक होते. धर्मस्वातंत्र्य ही नव्या युगाची भाषा वापरूनच त्यांनी जुन्या प्रथेचा बचाव केला. सुधारकाने घडविलेली शब्दसंपत्तीही यंत्रासारखीच असते. ती विरोधकाच्या हाती जायला वेळ लागत नाही.

त्याच १९३३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सत्तरीतील सयाजीराव व्यासपीठावर उभे राहिले. ज्या शहरातून वीस वर्षांपूर्वी तीस लाख पुस्तिका निघाल्या होत्या, तिथेच कवळाण्याचा हा एकेकाळचा निरक्षर मुलगा सर्व धर्मांच्या अनुयायांनी एकत्र बसून विचार करावा, असे आवाहन करीत होता. त्या वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता आणि रेडिओ हे द्वेष पसरविण्याचे प्रभावी साधन बनू लागले होते. परिषदेत माणसे समोरासमोर बसून एकमेकांचे ऐकत होती. रेडिओवर एकच माणूस बोलत होता आणि लाखो ऐकत होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. दहा वर्षांनी त्यांच्या नावाने बडोद्यात विद्यापीठ सुरू झाले. संस्थान विलीन झाले आणि शहर वाढत गेले. १९६५ मध्ये जवळच्या कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना आला, त्यापाठोपाठ रसायन उद्योग आले, अभियंते आले. बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, देशातील महत्त्वाच्या औद्योगिक शहरांपैकी एक झाले. आणि १९६९ मध्ये, पुन्हा २००२ मध्ये, याच शहराने धर्माच्या नावावर पेटलेल्या दंगली पाहिल्या. आग्रा घराण्याचे महान गायक उस्ताद फैयाज खाँ हे सयाजीरावांच्या दरबाराचे भूषण. १९१६ मध्ये महाराजांच्या आश्रयाने देशातील पहिली अखिल भारतीय संगीत परिषद ज्या शहरात भरली, त्याच शहरात १९५० मध्ये त्यांनी देह ठेवला. गोव्यातील रसिकांनीही ज्यांच्या गायकीला मानले, त्या खाँसाहेबांच्या कबरीची २००२ च्या दंगलीत नासधूस झाली. मोबाईल फोन तोपर्यंत अनेकांच्या हाती आले होते.

म्हणून सयाजीरावांची कारकीर्द व्यर्थ ठरते का? तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांच्या राज्यात ज्या गोष्टी वरून लादल्या गेल्या, त्या दंड भरून चुकविल्या गेल्या. ज्या गोष्टी माणसामाणसांतून गेल्या, त्या टिकल्या. अंत्यज शाळांना गती आली ती पंडित आत्माराम यांच्यासारखा माणूस त्या वस्तीत जाऊन राहिल्यावर. वाचनालये टिकली ती मोतीभाई अमीन यांनी गावकऱ्यांना ती आपली वाटायला लावल्यावर. माणसे बदलतात, परंतु ती यंत्राच्या वेगाने बदलत नाहीत. या दोन वेगांमधील अंतरात भय साठते, आणि त्या भयाला सोपे उत्तर देणारा कोणी ना कोणी प्रत्येक काळात उभा राहतो. त्याच्याशी सामना करण्यासाठी माणूस माणसाजवळ न्यावा लागतो.

सयाजीबागेत आंबेडकर ज्या जागी बसले होते, ती आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे दरवर्षी हजारो लोक येतात. राज्याला ज्या तरुणासाठी अकरा दिवसांच्या पुढे निवारा सापडला नाही, त्याच तरुणाने तीन दशकांनी अस्पृश्यता बेकायदा ठरविणाऱ्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. दरमहा साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती सयाजीरावांच्या कोणत्याही निबंधापेक्षा दूरवर पोहोचली.